जादूघराबाहेरचं बाक

सुभेदार, तुम्ही मला फसवलंत. सुभेदार सॅम्युएल साळवे यांनी दत्ता शिंदेला फसवलं, असं पूर्ण नावानिशी लिहून ठेवतो, म्हणजे पुढे माझ्या हातून कितीही गोड लिहिलं गेलं तरी हे वाक्य कुणाला पुसता येणार नाही.

इथल्या, लखनौच्या मराठी मंडळाच्या लोकांनी सांगितलं की सुभेदारांवर अंकासाठी काहीतरी लिहा. जन्म कुठला, पलटण कोणती, पदकं कोणती, ते सगळं घाला. मी म्हटलं, ते सुभेदारांच्या घरी काकूंना विचारा. मला त्यातलं धड काही माहीत नाही, आणि मला जे माहीत आहे ते मंडळाला विचारायचं सुचणार नाही. तुम्हाला जाऊन अजून महिनाही झालेला नाही. राग गरम आहे तोवर लिहितो. राग निवला की मी भाव सोडून देतो, हे तुमच्याइतकं कुणाला ठाऊक नाही.

हजरतगंजमध्ये मेट्रोचे खड्डे पडायच्या आधीची गोष्ट. मी खानापूर तालुक्यातून चुलत्याबरोबर इथे चौकात सोनं गाळायच्या भट्टीवर आलो, भट्टी सोडली, आणि जुन्या इमारती उतरवायच्या धंद्यात पडलो. कोठी असो, बंद पडलेली शाळा असो, सागवान, फरशी, लोखंडी खांब, दारं-खिडक्या काढायच्या, सरोजिनी नगरच्या गोदामात आणायच्या आणि नवे बंगले बांधणाऱ्यांना विकायच्या. कुणीतरी म्हणालं, गंजच्या मागच्या गल्लीतलं गोऱ्यांचं गिरजाघर निघतंय. उपासनेला येणारी माणसं उरली नव्हती. जी उरली ती दुसऱ्या चर्चमध्ये जायला लागली होती. पावसाळ्यात आत पाणी, वर्षभर कबुतरं. ट्रस्टला ते अंगावरून उतरवायचं होतं आणि दाखवायचं काम कमिटीतल्या एका रिटायर्ड सुभेदाराकडे होतं.

मी तुम्हाला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तुम्ही दारात स्टूल टाकून बसला होतात. इस्त्रीची पँट, पॉलिश केलेले बूट, आणि मांडीवर किल्ल्यांचा जुडगा. मी तुमच्याशी लखनवी हिंदीत बोलत होतो, आप-जनाब करत, कारण गिऱ्हाईक असो की विकणारा, या शहरात आधी अदब दाखवावी लागते. आपण आत शिरलो आणि वरच्या कबुतराने माझ्या डोक्यावर नेमकं केलं. माझ्या तोंडून जे निघालं ते शुद्ध मराठीत निघालं.

तुम्ही थांबलात. मला वाटलं, आता हा बाहेर काढतो.

"गाव कुठलं?" तुम्ही विचारलंत, तेही मराठीत.

"खानापूर. विट्याजवळ."

"मी नगरचा. आपण देवळात उभे आहोत, शिंदे." मग रुमाल पुढे केलात. "पण चालू द्या. फार दिवसांनी कानावर पडलं."

तिथेच मी सावध व्हायला हवं होतं. ज्या माणसाला शिव्या ऐकून गाव आठवतं तो माणूस साधा नसतो.

तो सगळा हिवाळा तुम्ही मला त्या इमारतीत फिरवलंत. मी येत राहिलो कारण माल खरंच तसा होता. लखौरी विटांच्या भिंती, दोन बोटं जाडीच्या चपट्या विटा, चुन्यात अशा बसलेल्या की पहार घातली तर पहार वाकेल. टोकदार कमानी. पूर्वेला रंगीत काचांची उंच खिडकी. आणि वर बर्मा सागवानाच्या कैच्या. छप्पर पेलणारा त्रिकोणी सांगाडा, त्याला आम्ही कैची म्हणतो.  असं लाकूड आता जंगलातही नाही.

तुम्ही भोळा चेहरा करून विचारायचात, "हे कसं आहे हो? कुजलंय का?"

मी शिडी लावून वर चढायचो, ठोकायचो, कान लावायचो आणि सांगायचो. ही कैची ठणठणीत आहे. हिच्या टोकाला वाळवी आहे, पण वीतभरच, तेवढं कापून जोड दिला की झालं. भिंतीला ओल आहे ती भिंतीची नाही, वरचा पन्हाळ फुटलाय. तो बदलला की भिंत सुकेल. मागच्या बाजूचा तडा जुना आहे, वाढत नाही, घाबरू नका. फक्त घंटेजवळची कैची गेली. ती आतून पोकळ आहे. ती आज ना उद्या बसणार.

हे सगळं मी का सांगत होतो? माल चांगला आहे हे मला कळतं, हे तुम्हाला कळावं म्हणून. विकणाऱ्याला कळलं की समोरचा जाणकार आहे, तर तो वेडावाकडा भाव बोलत नाही. ही धंद्यातली रीत आहे. दुसरी रीत चुलत्याने भट्टीवर शिकवलेली: भाव आपण आधी बोलायचा नाही. समोरच्याला बोलू द्यायचं. कितीही वेळ लागो, चहा प्यायचा, हवापाण्याच्या गोष्टी करायच्या, पण पहिलं तोंड आपण उघडायचं नाही. म्हणून मी भाव बोललो नाही. तुम्हीही बोलला नाहीत. मला वाटलं, तोडीस तोड माणूस भेटला, मजा येतेय.

मग होळीनंतर एका दिवशी मी गेलो तर दाराला नवीन रंग. पाटीवर गुण्या आणि कंपास एकात एक अडकवलेले. ओसरीवर शेरवानीपासून सफारीपर्यंत तऱ्हेतऱ्हेच्या कपड्यांतले चार प्रतिष्ठित लोक. छपरावर कारागीर, आणि पन्हाळ नवा.

बंधुमंडळींच्या लॉजला जागा दिली होतीत तुम्ही. लॉज म्हणजे हॉटेल नव्हे, इंग्रजांच्या काळापासूनचं त्यांचं मंडळ, आत काय करतात ते बाहेर सांगत नाहीत, म्हणून लखनौत त्यांच्या जागेला जादूघर म्हणतात. त्यांची जुनी जागा गेली होती आणि त्यांना नवी हवी होती. तुम्ही स्वतः त्यांच्यातले होतात, हे मला त्या दिवशी कळलं. आणि ही इमारत पडणार नाही, एवढ्या-एवढ्या दुरुस्त्या केल्या की अजून पिढ्यान्‌पिढ्या उभी राहील, हे त्यांना पटवून दिलं होतंत. कुणाच्या शब्दावर? शिडीवर चढून, कान लावून, घसा कोरडा करून सांगणाऱ्या दत्ता शिंदेच्या. मी ती पाडायला आलो होतो आणि माझ्याच तोंडून तुम्ही तिची दुरुस्ती काढून घेतलीत.

त्या दिवशी मी ओसरीवर जे बोललो ते त्या प्रतिष्ठित लोकांपैकी एकालाही कळलं नाही, कारण मी मराठीत बोललो. तुम्हाला सगळं कळलं. तुम्ही ऐकून घेतलंत.

"झालं?" तुम्ही विचारलंत.

"नाही."

"मग बसून बोल. उभ्याने घसा लवकर बसतो."

"तुम्ही मला हिवाळाभर झुलवलंत."

"मी कुठे झुलवलं? मी विचारत होतो, तू सांगत होतास. भाव तूही बोलला नाहीस, मीही नाही. सौदा झालाच नाही तर मोडणार कुठून?"

त्या वाक्याचा राग अजून आहे.

बाकांची गोष्ट तुम्हाला आठवते का? लॉजला चर्चची बाकं नको होती. तुम्ही निरोप पाठवलात, घेऊन जा. मी आलो. काकूही होत्या, कारण बाकं उपासनेची, ती कुणाच्या हाती जातात हे त्यांना बघायचं होतं. तुम्ही म्हणालात, भाव सांग. मी म्हणालो, तुम्ही सांगा. दुपार तशीच गेली. चहा झाला, नगरच्या दुष्काळावर बोलून झालं, माझ्या गावच्या द्राक्षांवर बोलून झालं. काकू शेवटी पदर खोचून उठल्या.

"तुम्ही दोघं मेलात तरी पहिलं बोलणार नाही," त्या म्हणाल्या. "मी सांगते." आणि सांगितला. तो भाव इतका वाजवी होता की आपण दोघंही तोंड पाडून बसलो.

ती बाकं मी विकली. कॅफेवाल्यांनी उचलली, एक गोमतीनगरच्या डॉक्टरांच्या वेटिंगमध्ये आहे. एक मात्र ठेवून घेतलं, का ते मलाही सांगता येत नव्हतं. मग महिन्याच्या बैठकीच्या दिवशी मी सहज गल्लीतून जात असता तुम्हाला पाहिलं. दार बंद, बाकी सगळे आत, आणि तुम्ही ओसरीवर त्याच स्टुलावर, हातात उघडी तलवार. त्यांच्यात अशी रीत आहे म्हणे. बैठक चालू असताना एक जण दाराबाहेर पहाऱ्याला बसतो, परका माणूस आत येऊ नये म्हणून. तो आत नसतो. त्याला आतलं काही दिसत नाही. मी हसून हसून वाकलो.

"सुभेदार, आयुष्यभर गेटवर उभे राहिलात, रिटायर होऊन परत गेटवरच?"

"तू पायरीच्या खाली उभा राहा," तुम्ही तलवारीने पायरी दाखवलीत. "पायरी लॉजची. खालची जमीन सरकारची."

पुढच्या बैठकीला मी टेम्पोत घालून ते बाक आणलं आणि पायरीला लागून, सरकारच्या जमिनीवर ठेवलं. स्टुलावर बसून तुमची पाठ दुखते हे मला दिसत होतं, पण मी तसं म्हणालो नाही. म्हणालो, गोदामात जागा अडते आहे. तुम्हीही आभार मानले नाहीत. उठलात, स्टूल आत सरकवलंत, बाकाचं एक टोक ओढून पायरीवर घेतलंत आणि त्यावर बसलात. दुसरं टोक खाली सरकारकडे. त्याखाली, टोकापासून हातभर आत, मी विटा लावून बाक समतल केलं. तुम्ही तुमच्या टोकाला, मी माझ्या.

तेव्हापासून प्रत्येक बैठकीला मी आलो. माझ्या बायकोला वाटायचं मीही त्या जादूवाल्यांत गेलो. मी तिला म्हटलं, मी फक्त सुभेदाराशी वाद घालायला जातो.

आणि वाद घातलेच की. मी म्हणायचो, सगळी हत्यारं गवंड्याची घेतलीत, गुण्या, ओळंबा, कंपास, थापी, पण तुमच्यातल्या एकाला तरी सरळ वीट लावता येते का? तुम्ही म्हणायचात, वीट लावायला शिकत नाही आम्ही, माणूस सरळ करायला शिकतो. मी म्हणायचो, मग आत बसून काय करता, बाहेर या, सरळ करायला एवढी माणसं गल्लीत आहेत. तुम्ही म्हणायचात, एक तर दाराशीच बसलाय, त्याचंच काही होत नाही.

तुमच्या चर्चमधले काही लोक तुमच्याशी बोलेनासे झाले होते. देवाचं घर जादूगारांना दिलं म्हणाले. ते तुम्हाला लागलं होतं. एकदाच बोललात त्यावर, एका थंडीच्या संध्याकाळी, बन-मक्खन खाताना. "दत्ता, मी काय करायला हवं होतं? तू त्याचं लाकूड केलं असतंस."

"लाकडाची दारं झाली असती," मी म्हणालो. "लोकांच्या घरात गेली असती. दारं निदान उघडतात. तुम्ही अख्खं घर कुलपात घातलंत."

तुम्ही हातावरचे पावाचे कण झटकलेत. मग म्हणालात, "तिथे माझं लग्न लागलं होतं. मला ते उभं हवं होतं. आत कोण बसतंय यापेक्षा उभं असणं मोठं वाटलं." आणि पुढे म्हणालात, "पूर्वेची खिडकी तशीच आहे. सकाळी तोच उजेड तसाच पडतो. उजेडाला कोण सांगणार की आता चर्च राहिलं नाही."

तो वाद मी हरलो असं मी मानत नाही. अर्धवट राहिला एवढंच.

पण आपला खरा वाद कैचीचा. घंटेजवळची कैची. मी म्हणालो होतो, गेली. दुरुस्तीत बाकीचं सगळं माझ्या सांगण्याप्रमाणे झालं, आणि एवढी एक कैची तुम्ही बदलू दिली नाहीत. तुम्ही म्हणायचात, ती उभी आहे. मी म्हणायचो, शक्य नाही, मी कान लावलाय, ती पोकळ आहे. तुम्ही म्हणायचात, आहे तशीच आहे, एक चीरसुद्धा नाही. दर पावसाळ्यानंतर मी विचारायचो, पडली का? आणि दरवेळी तुम्ही चहाचा कुल्हड खाली ठेवायचात, माझ्याकडे न बघता दाराकडे बघायचात, आणि म्हणायचात, "विश्वास नसेल तर…"

आणि थांबायचात.

मला माहीत होतं ही काय चाल आहे. वाक्य अर्धं सोडायचं, समोरच्याला पुरं करायला लावायचं. पुरं करेल तो गरजू. मी आयुष्यभर हीच चाल खेळत आलोय. म्हणून मीही थांबायचो. चहा प्यायचो. हवापाण्याचं बोलायचो. तुम्ही म्हणा की ये, आत ये, बघून जा. मग मी आढेवेढे घेईन, मग येईन. तुम्ही म्हणाला नाहीत. वर्षामागून वर्षं म्हणाला नाहीत. मेट्रो आली, गल्लीचे खड्डे बुजले, तुमचे केस सगळे पांढरे झाले, तलवार हातातून मांडीवर आली, आणि तुम्ही म्हणाला नाहीत.

मला काय वाटायचं सांगतो. जिवंत असताना सांगितलं नाही, आता सांगायला कुणाची भीती. मला वाटायचं, आत श्रीवास्तवजी आहेत, बँकेचे रिटायर्ड मॅनेजर. आत डॉक्टर आहेत, वकील आहेत, आर्मीचे कर्नल आहेत. बाहेर मी, तुटक्या घरांचा माल विकणारा. सुभेदारांना बाकावर शेजारी बसायला मी चालतो, त्यांच्याबरोबर आत बसायला चालत नाही. ते तुमच्या तोंडून ऐकायचं नव्हतं, म्हणून विचारलं नाही. आणि तरी दर बैठकीला येत राहिलो. एवढं माहीत असूनही का येत राहिलो, ते मला विचारू नका.

मग तुम्ही गेलात. दुपारी झोपलात आणि उठलाच नाहीत. काकूंचा फोन आला तेव्हा मी कानपूर रोडवर एका खिडकीच्या भावावर घासाघीस करत होतो. ती खिडकी मी त्या माणसाने म्हटलेल्या भावाला देऊन टाकली. माझ्या माणसांनी एकमेकांकडे पाहिलं.

कब्रस्तानात पास्टरसाहेबांची प्रार्थना झाली. मग तुमचे बंधू पुढे आले, सगळे पांढरे हातमोजे घातलेले, आणि एकेकाने हिरवी डहाळी तुमच्या पेटीवर टाकली. मग माती द्यायला रांगा लागल्या, आधी चर्चची माणसं, मग लॉजची. मी मागे कडुनिंबाखाली उभा होतो, हातात मूठभर माती घेऊन. कोणत्या रांगेत जायचं ते कळत नव्हतं. तेव्हा काकूंनी मान वळवली.

"दत्ता, मागं काय उभा राहिलास?" त्या म्हणाल्या. "इकडे ये. माझ्याजवळ."

मी गेलो. माती टाकली. तुम्हाला वाटलं असेल, रडला. धूळ होती.

नंतर जानकीपुरमला तुमच्या घरी चहा झाला. श्रीवास्तवजी माझ्या शेजारी बसले होते. सभ्य माणूस. बशीत बिस्कीट तसंच ठेवून म्हणाले, "शिंदे जी, एक बात पूछूँ? आपने कभी कहा क्यों नहीं?"

"क्या कहना था?"

"अंदर आने को।"

"वो बुलाते तो आता," मी म्हणालो. "एक दफ़ा बुलाया नहीं।"

त्यांनी चष्मा काढला. "भाई, हम लोग बुला नहीं सकते। किसी को नहीं। हमारे यहाँ यही क़ायदा है। जिसको आना है, वो ख़ुद मुँह से कहे। तभी।"

मी कप खाली ठेवला. 

"सूबेदार साहब हर साल कहते थे," ते पुढे म्हणाले, "इस साल मेरा आदमी कहेगा। हमने कहा, अरे इशारा तो कर दीजिए। बोले, जितना कर सकता हूँ, करता हूँ। उससे ज़्यादा करूँ तो वो उसका कहना नहीं रहेगा, मेरा हो जाएगा।"

तेव्हा मला ते अर्धं सोडलेलं वाक्य ऐकू आलं. विश्वास नसेल तर… माझ्यासाठी जागा ठेवून ते सोडलेलं होतं. तुम्हाला एवढंच बोलायची मुभा होती आणि तुम्ही तेवढं बोलत होतात, दर पावसाळ्यानंतर, दाराकडे बघत. मी ती चाल समजलो. तुम्हाला माहीत होतं की मी ती चाल समजेन. तरी तुम्ही तेच बोलत राहिलात, कारण दुसरं काही बोलता येत नव्हतं.

श्रीवास्तवजींना वाटलं मला वाईट वाटलंय, म्हणून समजूत घालायला त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली. ती सांगायला नको होती.

"और वो बाहर की ड्यूटी," ते म्हणाले. "वो तो नए लोगों को देते हैं, साल-दो साल के लिए। उनको हर बार अंदर की कुर्सी देते थे। पूरब वाली तक, जो सदर की होती है। हर बार मना। कहते थे, बाहर मेरा एक आदमी बैठता है, उसको अकेला कैसे छोड़ूँ।"

मी उठलो आणि आत स्वयंपाकघरात गेलो. काकू कपबशा विसळत होत्या. माझा आवाज चढला, मला मान्य आहे.

"काकू, तुम्हाला माहीत होतं?"

"होतं."

"बाकांचा भाव तुम्ही सांगितलात. हे नाही सांगता आलं?"

त्यांनी हात पुसले. "बाकं माझ्या देवळातली होती, दत्ता. हे त्यांचं. तिथं बायकांना दारातसुद्धा उभं करत नाहीत, मला कोण विचारतंय." मग म्हणाल्या, "एकदा म्हटलं होतं त्यांना, की मी सांगते त्याला. तर म्हणाले, नको. तो स्वतः म्हणेल. मी त्याला ओळखतो."

ओळखतो म्हणे.

सुभेदार, तुमचा हिशेब इथे चुकला. तुम्ही सैन्यातले, तुम्हाला वाटलं पहारा जास्त वेळ दिला की समोरचा थकतो. मी बाजारातला. मी थकत नाही. आपल्यासारखी दोन माणसं एका बाकावर बसवायला नको होती. मी याची चूक माझ्याकडे घेत नाही. मी माझ्या रीतीने वागलो, तुम्ही तुमच्या. पण कायदा तुम्हाला माहीत होता, मला नव्हता. ज्याला माहीत असतं त्याने फसवलं, असंच बाजारात धरतात.

आणि तरीही. आता उलटा विचार करून बघतो तर हाती काय लागतं? पूर्वेची खुर्ची सोडून एक माणूस उन्हापावसात माझ्याबरोबर बाहेर बसला. ज्या इमारतीसाठी त्याने आपली माणसं तोडली, त्याच इमारतीच्या आत तो बैठकीला कधी बसला नाही. मी इतकी वर्षं समजत होतो की मी बाहेर ठेवला गेलोय, आणि तुम्ही माझ्यासाठी बाहेर राहिला होतात. एवढा महाग माल मला कुणी कधी फुकट दिला नव्हता. म्हणून तर तो मला ओळखता आला नाही.

परवा बैठकीचा दिवस होता. मी गेलो. ओसरीवर आता एक तरुण मुलगा आहे, आयटीत काम करणारा. तलवार नीट धरतो, स्टुलावर बसतो. बाक तिथेच होतं, एक टोक पायरीवर, एक टोक विटांवर. मुलगा म्हणाला, "अंकल, आप वही हैं न? बैठिए।" मी माझ्या टोकाला बसलो. बाक तुमच्या बाजूने वर उचललं गेलं. इतकी वर्षं ते दोघांच्या वजनाने समतल होतं, माझ्या विटांनी नव्हे.

श्रीवास्तवजी म्हणाले आहेत की तुम्ही स्वतः म्हणा, नाव मी सुचवतो. मी म्हणेन. आयुष्यात पहिल्यांदा आधी तोंड उघडेन, कारण मला ती कैची बघायची आहे. पण आत गेल्यावर काय, हे मला कुणी सांगत नाही. आत तुम्ही कधी बसलाच नाहीत, तर तिथे तुम्हाला शोधू कुठे? बाहेर राहिलो तर हे बाक तिरकं. ती कैची उभी असली तर मी हरलो, हे कुणाच्या तोंडावर कबूल करू? पडलेली असली तर कुणाला दात काढून दाखवू?

काकू म्हणतात, प्रार्थना कर. श्रीवास्तवजी म्हणतात, धीरज रखिए। ती उत्तरं माझ्या कामाची नाहीत. मला फसवलं तुम्ही, तेव्हा जबाब तुम्हीच द्यायचा. या खेपेला मी आधी बोललोय, सुभेदार. आता तुमची पाळी. सांगा, मी कुठे बसू?